बंद करू नका

चिकटपट्टीनं लावलेला कागद, पिवळा पडलेला,
हानुसच्या तिरक्या अक्षरात: बंद करू नका.
खाली तो संगणक, एकवीस वर्षांचा,
दमेकऱ्यासारखा पंखा ओढत
क्लाक्सविकच्या धक्क्यावर हॅडॉक मोजत बसलेला.

मी मार्यून. शनिवारी रात्री येते,
कारण शनिवारी रात्री होड्या लागत नाहीत
आणि रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असतात.
बेचाळीस यंत्रं. एकेकाच्या पुढ्यात बसायचं,
विचारायचं, बाबा रे, शेवटचा अपडेट कधीचा?
एप्रिल. एप्रिलच्या आधीचा एप्रिल.
हिशेबाच्या बाईंनी
'नंतर आठवण करा' दाबलंय एकशे अकरा वेळा.
दाताच्या डॉक्टरलाही माणसं इतकं टाळत नाहीत.

कीबोर्ड उचलला की चिठ्ठी सापडतेच.
नातीचं नाव, जन्मसाल.
तोराल्वुरनं तर कंपनीचंच नाव ठेवलंय, पुढे एक.
सक्तीनं बदलायला लावलं,
पुढे दोन.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बेटावर
कुणीतरी मेलमधलं बिल उघडलं.
नऊ दिवस शीतगृहाची दारं उघडेनात,
कुलपंही संगणकाच्याच हातात होती.
धक्क्यावर माणसं हातमोजे काढून
पेन्सिलीनं वजनं लिहीत होती, बोटं निळी.
तेव्हापासून आमची मालकीण सुन्वर माझ्याशी गोड बोलते.
"लागेल ते सांग," म्हणते.
आकडा ऐकला की म्हणते, "पण चालतंय ना अजून?"
चालतंय.
तडा गेलेलं मडकंही पाणी धरतं, उचलेपर्यंत.

आज त्या कागदाची पाळी.
जाळ्याला एक भोक पुरतं, हे इथल्या पोरासोरांना कळतं.
आमच्या जाळ्याचं फक्त उलटं आहे,
भोकातून आत येतात.

हानुस मला कुलूपवाली म्हणायचा.
टेबलावरच वाळवलेलं मटण कापायचा,
आणि बटणांवर चरबी.
जाऊन तीन वर्षं झाली, त्याचा प्रोग्राम
कुणी उघडून पाहिलेला नाही.
मी उघडला, नव्या यंत्रावर चढवायला.

ओळ तीनशे अठरा.
होडी लहान असेल तर
दर क्रेटमागे चाळीस ग्रॅम वाढव.
शेजारी, यंत्र वाचत नाही त्या जागेत:
"मोठी जहाजं आधी घेतात. हे रांगेत थांबतात.
बर्फ गळतो, मासा सुकतो. हे त्यांचं आहे."

चाळीस ग्रॅम, गुणिले क्रेट, गुणिले एकवीस वर्षं.
कागद ओढला. मग पेन खाली ठेवलं.

आमच्या धंद्यात याला ठिगळ म्हणतात.
महिन्याला शेकडो लावते मी,
दूरच्या शहरात, न पाहिलेल्या हातांनी शिवलेली.
हे इथलं. हातशिलाई.
कुणाला न सांगता आतल्या बाजूनं घातलेलं.
नियमावलीत त्याचं नाव अनधिकृत बदल,
आणि अनधिकृत बदल शोधायलाच
मला पगार मिळतो.

पहाटेचे चार. नवं यंत्र उभं राहिलं.
नको ती दारं बंद, सोळा अक्षरी पासवर्ड,
कुणाच्याही नातीचा नाही.
जुन्याची वायर काढली.
पंखा लगेच थांबला नाही,
दोन-तीन उसासे, मग
बाहेरचा वारा ऐकू यायला लागला.

ओळ तीनशे अठरा अजून पडद्यावर आहे.
सोमवारी पाचला पहिली होडी बार्दुरची,
एकट्याची. त्याचे क्रेट सहा, फार तर सात.
तोवर सुन्वरला सांगायचं.
किंवा.

कागद नखानं सोडवत होते, एक कोपरा फाटला.
उरलेला नव्या यंत्रावर लावला,
जरा तिरकाच बसला.